परदेशी जावे की पदवी घरी आणावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेल्या बाई आपल्यापुढे बोलतात. यंदा कार्यवाहबाईंनी मला उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर आणि दुकानाचा हिशेब सांभाळणारी बाई. शिक्षणावर मी काय बोलणार, असे मी त्यांना म्हटलेही. पण त्या म्हणाल्या, "गेले वर्षभर तुम्ही ज्या प्रश्नामागे वही घेऊन हिंडता आहात, तेच सांगा. तो प्रश्न आता घरोघरी आहे." म्हणून हे धाडस करते आहे. चुकलेमाकले पोटात घालावे.

प्रश्न असा की, मुलांनी शिकावयास परदेशी जावे, की परदेशी विद्यापीठाची पदवी येथे घरी राहूनच मिळवावी? आपल्या पनवेलकरांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. 2025 च्या डिसेंबरपासून नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. आपण गच्चीवर कपडे वाळत घालतो आणि डोक्यावरून विमान जाते. त्याच विमानतळाच्या परिसरात परदेशी विद्यापीठांसाठी एज्युसिटी उभारण्याची योजना आहे. 2025 च्या जून महिन्यात मुंबईत एका समारंभात पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली: स्कॉटलंडचे अ‍ॅबर्डीन, इंग्लंडचे यॉर्क, ऑस्ट्रेलियाचे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन शिकवणारी संस्था. म्हणजे विमानही दारात आणि विलायतही दारात. मुले विचारतात, कशात बसू?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो जुना आहे, आणि तो एका मराठी मुलीलाही विचारला गेला होता. आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टरी शिकावयास निघाल्या तेव्हा त्यांचे यजमान बंगालमध्ये श्रीरामपूरला पोस्टात होते. लोकांनी प्रश्न विचारून त्यांना हैराण केले. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी तेथल्या कॉलेजात सभा भरवून आनंदीबाईंनी उभ्याने उत्तरे दिली. अठरावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. त्या प्रश्नांत एक होता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? आनंदीबाईंनी सोय नाही असे म्हटले नाही. मद्रासला कॉलेज आहे, ठिकठिकाणी सुइणींचे वर्ग आहेत, हे त्यांनी मान्य केले. पण मला जे शिकावयाचे आहे त्याला ते शिक्षण पुरे पडत नाही, आणि शिकवणारे बाईमाणसाला मोकळ्या मनाने शिकवीत नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ होता. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यास त्या गेल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. थंडी, परके अन्न, क्षयाचा आजार, हे सारे आपण जाणतोच. म्हणून परदेशगमनाचे मोल सांगताना मी ते स्वस्त आहे असे कधीच म्हणणार नाही. पण उत्तर देण्याची त्यांची रीत मला फार पटते. त्या देशाची वाहवा केली नाही, आपल्या देशाची निंदा केली नाही. मला काय शिकावयाचे आहे आणि ते कोठे मिळते, एवढेच पाहिले.

आता "घरी राहून परदेशी पदवी" म्हणजे काय, ते आधी निवडून घेऊ. तांदूळ निवडताना खडा वेगळा काढतो तसे. कारण या एका नावाखाली बाजारात तीन प्रकार विकले जातात.

पहिला प्रकार खरोखरीच्या शाखेचा. परदेशी विद्यापीठ स्वतः येथे इमारत घेते, शिक्षक नेमते आणि स्वतःची पदवी देते. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नोव्हेंबर 2023 मध्ये याचे नियम केले. त्याआधीच गुजरातेत गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत वेगळ्या नियमांखाली ऑस्ट्रेलियाच्या डीकिन आणि वोलोंगाँग या विद्यापीठांना परवानगी मिळाली होती, आणि 2024 मध्ये तेथे वर्ग सुरू झाले. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाची शाखा दिल्लीजवळ गुरुग्रामला 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. यूजीसीच्या नियमांत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. अशा शाखेची पदवी मूळ विद्यापीठाच्या पदवीच्या तोलाची धरली जाते, तिच्यासाठी वेगळे समकक्षता प्रमाणपत्र काढावे लागत नाही. आणि हे शिक्षण पत्राने किंवा ऑनलाइन देता येत नाही, वर्ग भरवावे लागतात.

दुसरा प्रकार भागीचा. आपले कॉलेज आणि परदेशी विद्यापीठ मिळून अभ्यासक्रम चालवतात, काही भाग येथे आणि काही तेथे. याचे नियम 2022 मध्ये झाले. यात पदवी कोणाची मिळते हे नीट विचारावे लागते. ट्विनिंग म्हणतात त्या पद्धतीत पदवी आपल्याच संस्थेची असते. परदेशी सत्र घडते, पण परदेशी पदवी मिळत नाही. पुष्कळ आईबापांना हे शेवटी कळते.

तिसरा प्रकार खड्याचा. एखादी कंपनी किंवा एखादे कॉलेज परवानगीवाचून परदेशी संस्थेशी करार करते आणि येथेच, किंवा मोबाइलवरच, पदवी देऊ म्हणून जाहिरात करते. यूजीसीने 2023 च्या डिसेंबरात लोकांना सावध केले की अशा पदव्यांना मान्यता नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम आले, त्यांतही दुसऱ्याच्या नावावर दुकान चालवून दिलेली पदवी, फ्रँचायझी म्हणतात ती, बाहेर ठेवली आहे. फी मात्र ते खऱ्यासारखीच घेतात.

म्हणून भगिनींनो, पहिला प्रश्न फीचा विचारू नका. आधी विचारा की प्रमाणपत्रावर नाव कोणाचे असेल आणि परवानगीचा कागद कोठे आहे. इरादापत्र मिळाले म्हणजे वर्ग भरले असेही नव्हे. साखरपुडा आणि लग्न यांत अंतर असते. आपण जाऊन इमारत पाहावी, शिक्षक कोण आहेत ते विचारावे, आधीची तुकडी असेल तर त्या मुलांशी बोलावे. एवढी चौकशी तर आपण सोयरीक करतानाही करतो.

हे घरच्या पदवीचे खूळ जगात नवे नाही. लंडन विद्यापीठाने 1858 पासूनच लंडनला न येता त्याची परीक्षा देण्याची वाट मोकळी केली. मलेशियात मोनॅश विद्यापीठाची शाखा 1998 साली आणि नॉटिंगहॅमची 2000 साली निघाली, आणि तेथली मुले आपल्या देशात राहून ती पदवी घेत आली आहेत. म्हणजे ही रीत टिकू शकते. पण शाखेचा जम बसावयास वर्षे लागतात. पहिल्या तुकडीच्या मुलांना पुढे गेलेला कोणी दादा-ताई नसतो, नोकरी कोठे लागते याचा दाखला नसतो. हे लक्षात ठेवून पाऊल टाकावे.

आता मुख्य गोष्ट सांगते. वर्षभर हिंडून मला एकच उमगले, की पदवी ही एक गोष्ट आहे आणि जाणे ही दुसरी. आपण दोन्ही एकाच पिशवीत घालून भाव विचारतो, म्हणून गोंधळ होतो.

पदवी म्हणजे अभ्यास, परीक्षा आणि कागद. ती चांगल्या शाखेत येथेही मिळू शकते. जाणे म्हणजे काय? घराबाहेर एकटीने राहणे, परक्या भाषेत व्यवहार करणे, ज्या समाजात आपले घराणे, आपली जात, आपला बाप कोणाला ठाऊक नाही अशा समाजात केवळ आपल्या कामावर ओळखले जाणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांची मुदत. तेथे त्यांना ग्रंथालय मिळाले, मोठे गुरू मिळाले, हे खरेच. पण बरोबरीने बसावयास मिळणे, ही गोष्ट त्या काळी त्यांना येथे कोणत्याच कॉलेजने दिली नसती. ती कागदावर लिहून येत नाही, जावेच लागते. आणि त्याच चरित्रात दुसरा धडाही आहे. पुढे ते लंडनला गेले, आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपताच अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, स्नेह्यांकडून हातउसने घेतले, आणि 1920 साली पुन्हा जाऊन तो अभ्यास पुरा केला. एवढ्या बुद्धीच्या माणसाचेही पैशावाचून अडले. मग आपण हिशेब न करता मुलांना विमानात कसे बसवावे?

जाण्याचा आणखी एक भाग आहे, तो म्हणजे तेथे काम करण्याची मुभा. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. इंग्लंडात जाऊन शिकलेल्याला शिक्षणानंतर काही काळ तेथे राहून काम शोधता येते. पदवीधरांना ही मुदत दोन वर्षांची होती. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीड वर्षाची केली आहे. जर्मनीत पदवीनंतर काम शोधावयास दीड वर्ष मिळते. पण हीच पदवी भारतातल्या शाखेतून घेतली तर ही मुभा मिळत नाही, कारण ती त्या देशात राहून शिकलेल्यांसाठी आहे. म्हणजे "आत्ता येथे शिकू, मग त्या पदवीवर सहज तेथे नोकरीला जाऊ" असे कोणी सांगत असेल तर ते धरून चालू नका.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्या देशांचे नियम आपल्या हातात नाहीत. 2024 च्या जानेवारीपासून कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. अमेरिकेने 2025 च्या मे अखेरपासून तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेच बंद ठेवले होते. ज्यांचे प्रवेश झाले होते ती मुले हातावर हात ठेवून बसली. रुपयाचेही तसेच. 2025 च्या डिसेंबरात एक डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. कर्ज रुपयांत काढलेले आणि फी डॉलरांत, मग वाढलेला भाव कोणी भरावयाचा? घरच्या शाखेत निदान व्हिसाचा घोर आणि दर महिन्याचे परके घरभाडे नाही. मुलगा संध्याकाळी घरी जेवतो, आजारी पडला तर आपण उशाशी असतो. हे लहान सुख नव्हे. फी मात्र लाखांतच मोजावी लागते, आणि प्रवेशाचे निकष त्या विद्यापीठाचे असतात. आपल्या कॉलेजांतल्या राखीव जागा आणि फीची सवलत तेथे आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये.

आता आमच्या घरचे सांगते. त्यावाचून हे सारे पोपटपंची होईल.

आमचे मोटार वाइंडिंगचे लहानसे दुकान. दोन खोल्यांचे घर, त्याचे कर्ज चार वर्षांपूर्वी फिटले आणि घराचा कागद बँकेतून कपाटात आला. थोरली मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत दोन वर्षे नोकरी करते. धाकटा बी.कॉम. झाला. दोघांनाही पुढे शिकावयाचे. घरात चार नातलग जमले आणि जेवता जेवता निकालही लागला. धाकट्याने इंग्लंडला जाऊन व्यवसाय व्यवस्थापन शिकावे, कारण मुलगा आहे, बाहेर पडला पाहिजे. थोरलीने येथे निघणाऱ्या परदेशी शाखेत काय मिळेल ते शिकावे, कारण मुलगी आहे, पदवी परदेशी मिळेल आणि डोळ्यांसमोरही राहील. एक जण म्हणाले, "दोघांचेही समाधान झाले." मी वाढत होते. मी म्हटले, हिशेब मांडते, मग बोलू.

वहीचे एक पान धाकट्याचे केले, एक थोरलीचे.

धाकट्याच्या पानावर, एजंटाने लिहून दिल्याप्रमाणे फी, राहणे, व्हिसा, विमा, विमान धरून एका वर्षाचे 35 लाख. लंडनबाहेर राहावयाचे तरी व्हिसासाठी दरमहा 1171 पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च आधी दाखवावा लागतो. घरात शिल्लक पाच लाख. म्हणजे कर्ज तीस लाख. साडेसात लाखांच्या पुढे बहुतेक सरकारी बँका तारण मागतात, म्हणजे कपाटातला कागद पुन्हा बँकेत. व्याज दहा टक्के धरले तर वर्षाला तीन लाख. शिक्षणाचे एक वर्ष आणि नंतरचे सवलतीचे एक वर्ष, हप्ता सुरू होण्याआधीच कर्ज छत्तीस लाखांचे झाले. दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला साडेसत्तेचाळीस हजार रुपये. तेथे नोकरी लागली तर फिटेल. दीड वर्षात नाही लागली आणि परत यावे लागले, तर येथे नव्या मुलाला जो पगार मिळतो त्यात हा हप्ता बसत नाही. मग दुकान विकावे की घर?

आणि जे शिकावयाचे ते व्यवसाय आणि हिशेब. येणाऱ्या शाखा बहुतेक हेच विषय घेऊन येताहेत, व्यवसाय, संगणक, आकडेमोड. म्हणजे त्याला हवी ती विद्या उद्या दाराशी मिळण्यासारखी आहे.

थोरलीच्या पानावर वेगळेच निघाले. तिचा विषय प्रयोगशाळेचा. मी पाहिलेल्या शाखांच्या यादीत तो विषयच नव्हता. मोठी प्रयोगशाळा उभारणे महाग असते, नवी शाखा ते आधी करीत नाही. सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तिचा विषय इथे शिकवीतच नाहीत, तर ती इथे राहून शिकणार काय?" त्यांना अक्षरओळख नाही, पण एवढा नेमका प्रश्न जेवणाच्या पंगतीतल्या कोणी विचारला नव्हता.

थोरलीने जर्मनीची माहिती काढली होती. तेथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, थोडे सत्रशुल्क असते. सगळीकडे मात्र नव्हे. बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांतात परदेशी विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1500 युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही 2024 पासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. राहण्याखाण्यासाठी 11,904 युरो आधी एका बंद खात्यात ठेवावे लागतात आणि तेथे गेल्यावर त्यातून महिन्याला 992 युरो काढता येतात. युरोचे शंभर-एक रुपये धरले तर बारा लाख. हे पैसे फीत जात नाहीत, तिच्याच पोटाला लागतात. प्रवास, कागदपत्रे, विमा धरून पहिल्या वर्षाचे चौदा लाख. आमचे पाच, तिच्या पगारातून साठलेले तीन, उरलेले सहा-साडेसहा. कर्ज साडेसात लाखांच्या आत बसते, घराचा कागद मागत नाहीत.

दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा तितकीच तरतूद लागते, ते मी लपवीत नाही. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येते, पण परीक्षेच्या मुलीने किती करावे? निम्मे मिळेल असे धरले. निम्म्यासाठी माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत आणि यांची एक पॉलिसी त्या वर्षी पिकते. कर्ज साडेसात लाख पुरते घेतले तरी दोन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सवलत मिळून व्याजासह पावणेदहा लाख होते, हप्ता तेरा हजारांच्या आत. येथे परत येऊन तळोज्याला नोकरी केली तरी फेडण्यासारखा. 

भगिनींनो, पंगतीत लागलेला निकाल वहीने पुरता उलटा केला. ज्याला घरी शिकणे सोयीचे त्याला आपण पाठवीत होतो, आणि जिला गेल्यावाचून विद्या नाही तिला ठेवून घेत होतो. हे पैशाच्या हिशेबाने ठरले नव्हते. मुलगा आणि मुलगी या हिशेबाने ठरले होते.

म्हणून मला काळजी वाटते ती अशी. दारात विलायत आली ही चांगली गोष्ट आहे. पण तीच आपल्या मुलींना दारातच अडवण्याचे साधन होऊ नये. पूर्वी म्हणत, मुलीला इतके शिकवून काय करायचे? आता म्हणतील, परदेशी पदवी इथेच आहे की, बाहेर कशाला? शब्द गोड, अर्थ तोच. मी सातवीवर थांबले, कारण हायस्कूल नदीपलीकडच्या गावात, सहा किलोमीटरवर होते. भाऊ सायकलने गेला. मुलीला एवढ्या लांब कोण सोडणार, म्हणून मी घरी राहिले. माझी विलायत सहा किलोमीटरवर होती. 

आणि मोठ्या घरांतही हे चुकले नाही. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे, त्यांच्या सूनबाई इरावतीबाई 1928 साली शिकावयास जर्मनीला निघाल्या, तेव्हा खुद्द महर्षींची त्याला संमती नव्हती. यजमान दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. ते ठाम राहिले. पैसे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले. दोन वर्षांत इरावतीबाई बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पुढे समाजशास्त्रात त्यांनी जे काम केले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या घरीही कर्ज होते आणि मतभेद होते. पण शिकणारीची गरज काय, हे कोणीतरी ओळखले.

याचा अर्थ प्रत्येक मुलीने जावे आणि प्रत्येक मुलाने राहावे, असा मुळीच नाही. कोणाच्या घरी मुलीचा विषय येथेच उत्तम शिकवतात, कोणाच्या घरी मुलाला बाहेर गेल्यावाचून पायांवर उभे राहता येणार नाही. कोणाकडे आजारी माणूस आहे, कोणाकडे कमावते माणूस एकच आहे. आणि आपली स्वतःची विद्यापीठे, आपल्या आयआयटी, आपले आयसीटी, यांना विसरून कसे चालेल? पुष्कळदा परदेशी नाव नसलेली पदवीच अधिक तोलाची असते. थोरलीनेही येथल्या एम.एस्सी.चे अर्ज भरून ठेवले आहेत. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. आपल्या वस्तीतल्या हुशार मुलांपर्यंत ती माहिती आपण पोहोचवली पाहिजे. 

माझ्या वहीत आता चार प्रश्न लिहिलेले आहेत. ते सांगून पुरे करते.

पहिला, मुलाला काय शिकावयाचे आहे, आणि ते खरोखर कोठे शिकवतात?

दुसरा, त्याला पदवी हवी आहे की जाणे हवे आहे? दोन्ही हवे असेल तर दोन्हीचा भाव वेगवेगळा मांडा.

तिसरा, सारे फसले आणि मूल रिकाम्या हाताने परत आले, तर येथल्या पगारात हप्ता फिटेल का? नसेल, तर घराचा कागद कपाटाबाहेर काढू नका. एजंट हा प्रश्न विचारणार नाही. त्याला बहुधा परदेशी विद्यापीठाकडून कमिशन मिळते, तेव्हा त्याचा सल्ला फुकट असला तरी तो त्याच मापाने घ्यावा.

चौथा, हाच हिशेब मुलगी आहे म्हणून एक आणि मुलगा आहे म्हणून दुसरा, असा तर मांडला नाही ना?

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झाले? धाकटा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मग स्वतःच वही घेऊन बसला आणि साडेसत्तेचाळीस हजारांच्या आकड्याखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली. सध्या एका हिशेबनिसाकडे काम शिकतो आहे. दोन वर्षांत येथल्या शाखांचे काय होते ते दिसेल, मग ठरवीन म्हणतो. थोरली रोज पहाटे जर्मन भाषेचा अभ्यास करते. तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांना 2022 च्या नोव्हेंबरपासून शिक्षणाच्या कागदांची तपासणी करून एपीएस नावाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याचे अठरा हजार भरले आणि ते हाती आले. विद्यापीठाचे उत्तर अजून यावयाचे आहे. येईल किंवा येणार नाही. तिला मी सांगितले आहे, आले तर जा, नाही आले तर येथे शीक, पण मुलगी म्हणून तुझा अर्ज या घरात कोणी अडवला असे होणार नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण हळदीकुंकू करतो, सहली काढतो, भिशी चालवतो. महिन्यातून एक दुपार या कामासाठी ठेवावी. ज्यांची मुले बाहेर शिकून आली, ज्यांची येथे शिकली, ज्यांनी कर्ज फेडले आणि ज्यांचे फिटत नाही, अशा आयांनी यावे आणि आपापली वही उघडावी. ज्यांच्या मुली पुढल्या वर्षी बारावी होतील त्यांनी ऐकावे. यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. बेरीज-वजाबाकी लागते, आणि ती आपल्या सर्वांना येते.